सर, बेरीज चुकली!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घटक चाचणीचे पेपर वर्गात परत मिळायचे तो दिवस आठवून पाहा. गुरुजी गठ्ठा टेबलावर ठेवायचे, एकेकाचं नाव घेऊन पेपर द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “आपापली बेरीज करून बघा.” मग पाच मिनिटं वर्गात नुसती कुजबुज. बोटं मोडली जायची, ओठ हलायचे. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, “सर, बेरीज चुकली! दोन मार्क जास्त पाहिजेत!” गुरुजी चष्मा वर सरकवून पेपर बघायचे आणि लाल पेनानं आकडा सुधारायचे. कुणाचा अपमान व्हायचा नाही. गुरुजींचा मान कमी व्हायचा नाही, की पोरगं उद्धट ठरायचं नाही.

ही रीत वर्गात चालते. मग आयुष्याला वळण देणाऱ्या मोठ्या परीक्षेच्या वेळी आपण सगळे एकदम गप्प का होतो? निकाल लागला की तो दैवाचा लेख असल्यासारखा का स्वीकारतो? आज मला याच विषयावर बोलायचं आहे. मी कायद्याचा जाणकार नाही आणि शिक्षकही नाही. औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहितो आणि मराठीत कविता करतो. पण या प्रश्नानं माझ्या घराचं दार दोनदा ठोठावलं. पहिल्यांदा आम्ही दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा उघडलं.

पहिली गोष्ट १९८४ सालची. आम्ही तेव्हाही नायगावातच राहायचो. आजचं नायगाव पाहणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. पूर्वेला हे उंच उंच टॉवर नव्हते. भाईंदरची खाडी ओलांडून गाडी पुढे आली की दोन्ही बाजूंना मिठागरं दिसायची आणि उन्हात मिठाचे ढीग चमकायचे. वडिलांचं स्टेशनबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी मराठी शाळेत शिकलो. मराठी हा माझा हक्काचा विषय. पूर्वपरीक्षेत शंभरपैकी ७१ होते, आणि शाळेच्या हस्तलिखितात माझ्या दोन कविता होत्या. शालान्त परीक्षेचा निकाल लागला आणि गुणपत्रिकेवर मराठीपुढे आकडा होता ३८.

मी रडलो. वर्गशिक्षक म्हणाले, “अरे, गुणपडताळणीचा अर्ज कर.” घरी येऊन वडिलांना सांगितलं. चाकातली आरी बसवता बसवता ते म्हणाले, “ज्यांनी तपासला ती शिकलेली माणसं आहेत. त्यांचं तुझ्याशी काय वैर? मास्तरांवर संशय घ्यायचा नाही.” विषय तिथेच संपला. त्यात अर्जाच्या पैशांचा प्रश्न होताच, पण खरा अडसर तो नव्हता. वडील चौथीपर्यंत शिकलेले. शिकलेल्या माणसाचा हात चुकू शकतो, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

तो ३८ चा आकडा बरोबर होता की चूक, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित माझा पेपर खरंच वाईट गेला असेल. म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण त्या आकड्यानं काम केलं. मला मराठी येत नाही असं मी धरून चाललो. पुढे बी.ए.ला मराठी न घेता इतिहास घेतला. जवळजवळ सात वर्षं कवितेची एक ओळ लिहिली नाही. आकडा खोटा असला तरी तो आपल्याविषयी काहीतरी सांगतो, आणि आपण ते खरं मानून बसतो.

गंमत अशी की, माझा निकाल लागला त्याच पावसाळ्यात, १७ जुलै १९८४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं याच प्रश्नावर निकाल दिला. महाराष्ट्राच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचं ते प्रकरण. कायद्याच्या पुस्तकांत ते परितोष शेठ प्रकरण म्हणून ओळखलं जातं. मंडळाचा नियम असा होता की, विद्यार्थ्याला गुणांची पडताळणी मागता येईल, म्हणजे सगळी उत्तरं तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढं पाहून घेता येईल. पण स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क त्याला नाही. मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांचं म्हणणं मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि मंडळाचा नियम कायम केला. लाखो विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका दाखवत बसलो तर निकालांना अंत राहणार नाही, आणि शिक्षणातल्या जाणकारांनी विचारपूर्वक केलेल्या नियमांत न्यायालयानं सहसा हात घालू नये, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे वडिलांनी परवानगी दिली असती तरी माझा पेपर मला दिसला नसता. कचेरीतल्या कुणीतरी तो पाहिला असता आणि “बदल नाही” असं कळवलं असतं.

आता दुसरी गोष्ट. साल २०१५. माझी धाकटी मुलगी बारावी कला शाखेला होती. कुठलं मंडळ, कुठलं केंद्र हे मी सांगत नाही. चूक कुठेही होते आणि कुणा एकाला बोल लावण्यासाठी मी इथे आलेलो नाही. निकाल इंटरनेटवर पाहिला. बाकीचे विषय ठीक होते. मराठीच्या लेखी परीक्षेत ८० पैकी ३९.

घरात शांतता पसरली. मुलीनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, “अब्बा, मला मराठी घेऊन बी.ए. करायचं नाही. अर्थशास्त्र घेते.” माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षांपूर्वी मी हेच बोललो होतो, याच घरात.

संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ आले. भला माणूस. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, “भाई, खरं सांगू का? नाव बघितलं असणार. मुसलमानाची पोरगी, मराठीत कितीसे मार्क देणार?” श्रोतेहो, मी खोटं बोलणार नाही. त्या रात्री मला ते पटलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत ज्या भाषेत आमच्या माणसांनी लिहिलं, त्या भाषेत माझ्या मुलीला उपरं ठरवलं, या विचारानं मला झोप लागली नाही. एक कडवट कविताही लिहून झाली. पुढे ती मी फाडली. का, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी वसईला माझ्या ओळखीच्या निवृत्त शिक्षकांकडे गेलो. आयुष्यभर त्यांनी मराठी शिकवलं आणि बारावीचे पेपर तपासले. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “कविराज, उत्तरपत्रिकेवर नाव कुठे असतं?”

मी गप्प. खरंच, नाव नसतंच. बैठक क्रमांक असतो आणि तोही झाकलेला. वर बारकोडचा स्टिकर. तपासणाऱ्याला मुलगा की मुलगी, कुठल्या गावची, काही कळत नाही. सर म्हणाले, “तुम्ही पेपर न बघता परीक्षकाला नापास केलंत. आधी पेपर बघा.”

मग त्यांनी मला तीन दारं समजावून सांगितली. आपल्यापैकी अनेक पालक या तिन्हींची गल्लत करतात. पहिलं दार गुणपडताळणीचं. त्यात नव्यानं काही तपासत नाहीत. एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज बरोबर आहे का, आतले गुण बाहेरच्या पानावर आले का, एवढंच पाहतात. दुसरं दार छायाप्रतीचं. शुल्क भरलं की आपल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळते. तिसरं पुनर्मूल्यांकनाचं. त्यात दुसरा जाणकार पेपर पुन्हा तपासतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं आणि मुदत वेगळी. मुदतीचे दिवस मोजकेच असतात. ते रडण्यात आणि रागावण्यात गेले की दार बंद.

१९८४ साली बंद असलेलं हे दुसरं दार उघडलं कसं? त्यामागे माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. हा कायदा ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. मग प्रश्न आला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे का? केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, परीक्षेला २००८ साली बसलेल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी न्यायालयानं सांगितलं की हो, ती माहिती आहे. विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल आणि तिची प्रतही घेता येईल. मात्र परीक्षकाचं नाव उघड करू नये, कारण त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. शिवाय उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची जी मुदत असते, तेवढ्यातच हा हक्क बजावता येतो. आणि पाहण्याचा हक्क मिळाला म्हणून फेरतपासणीचा हक्क आपोआप मिळत नाही. तो त्या त्या परीक्षेच्या नियमांवर अवलंबून.

आम्ही छायाप्रतीचा अर्ज केला. आमच्या घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाला जवळ जाईल इतका खर्च झाला. पत्नी म्हणाली, “जाऊ द्या, पास झालीय ना!” मुलगी तर अर्जावर सही करायलाही तयार नव्हती. तिची भीती वेगळी होती. “अब्बा, पेपर आला आणि ३९ च बरोबर निघाले तर?” मी म्हटलं, “तर ते ३९ तुझे. मग आपण ते मान्य करू. पण न बघता नाही.” माझ्या वडिलांना मी हे सांगू शकलो नव्हतो.

झेरॉक्स हातात आली तेव्हा जुलै उजाडला होता. बाहेर पाऊस कोसळत होता, स्टेशनकडे जाणारा रस्ता पाण्याखाली होता, म्हणून दुकानाला दांडी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बापलेक बसलो. मी दुकानातल्या सवयीनं पट्टी घेतली आणि समासातले लाल आकडे एकेक करून कागदावर उतरवायला लागलो.

उत्तरपत्रिकेची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. परीक्षक प्रत्येक उत्तराचे गुण समासात लिहितो. मग ते पहिल्या पानावरच्या तक्त्यात प्रश्नावार उतरवतो आणि त्या तक्त्याची बेरीज करतो. मूळ वही भरली की विद्यार्थी पुरवणी घेतो आणि ती दोऱ्यानं वहीला बांधतो. माझ्या मुलीनं दोन पुरवण्या जोडल्या होत्या.

पहिल्या पानावरची बेरीज मी तीनदा केली. बरोबर ३९. मुलगी म्हणाली, “बघा, म्हटलं नव्हतं?” पण माझ्या कागदावरची बेरीज ५३ येत होती. मी पुन्हा आत शिरलो. दुसऱ्या पुरवणीत समासात आकडे होते, ५, ३ आणि ६. उत्तरं तपासली होती, गुण दिले होते, एका उत्तराखाली लाल शाईत ‘छान’ असं लिहिलंही होतं. पण हे तिन्ही आकडे पहिल्या पानावरच्या तक्त्यात नव्हतेच. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर कीर्दीत नोंद होती, खतावणीत आली नव्हती. मुनीम लोकांची ही जुनीच चूक. माझ्या हातूनही झालेली आहे. दिवसभर दोनशे पावत्या लिहिल्या की दोनशे एकावी पान उलटताना निसटते.

ते ‘छान’ मी कितीतरी वेळ बघत बसलो. ज्याच्यावर मी रात्रभर दात ओठ खाल्ले, त्या अनोळखी माणसानं माझ्या मुलीचं उत्तर वाचून मनापासून दाद दिली होती. दिवसाची शाळा उरकून, गठ्ठ्यावर गठ्ठे उपसताना त्याचं एक पान उलटायचं राहिलं. बस, इतकंच. त्या रात्री मी ती कडवट कविता फाडली. नाव पाहून दुजाभाव होतच नाही असा माझा दावा नाही. घर भाड्यानं घेताना मी तो अनुभवलाय. पण म्हणूनच जिथे तो नाही तिथे तो आहे असं म्हणण्याची चैन मला परवडत नाही.

सरांकडे पुन्हा गेलो. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला विषयशिक्षकाचा अभिप्राय लागत होता, तो मुलीच्या कॉलेजातल्या बाईंनी द्यायचा होता. त्याआधी सरांना एकदा दाखवावं म्हटलं. मुलीला आता जोर चढला होता. ती म्हणाली, “सर, निबंधालाही कमी दिलेत. आठपैकी चारच. तेही लिहू?” सरांनी निबंध शांतपणे वाचला. म्हणाले, “मी असतो तर पाच दिले असते. दुसऱ्या कुणी साडेतीन दिले असते. ते त्याचं मत आहे, बाळ. मताला हरकत घ्यायची नाही. चुकीला घ्यायची.”

मंडळी, या संपूर्ण प्रकरणातून मी काही शिकलो असेन तर ते हे. मत आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेली तीस वर्षं संपादक माझ्या कविता ‘साभार परत’ करत आलेत. त्यावर कुठे अपील नसतं आणि नसावंही. पण संपादकानं दोन पानी कवितेचं एकच पान वाचून ती परत केली, तर “दुसरं पान राहिलं” असं म्हणायचा मला अधिकार आहे. निबंधाचे चार गुण हे मत होतं. न मोजलेले चौदा गुण ही चूक होती. १९८४ चा निकाल मताचा मान राखण्यासाठी होता आणि त्यात तथ्य होतं. पण चूक आपल्या डोळ्यांनी पाहण्याची वाट तेव्हा बंद राहिली. २०११ च्या निकालानं ती मोकळी केली. मला हे दोन्ही निकाल एकमेकांचे शत्रू वाटत नाहीत. पहिला म्हणतो, जाणकाराचा मान ठेवा. दुसरा म्हणतो, पण वही उघडी ठेवा.

आमचा अर्ज गेला. उत्तर यायला ऑगस्टचा शेवटचा आठवडा लागला. ३९ चे ५३ झाले. नवी गुणपत्रिका आली, सोबत दिलगिरीचा शब्द नव्हता. तोवर मुंबईतल्या ज्या कॉलेजात तिला जायचं होतं तिथल्या प्रवेश याद्या संपल्या होत्या. तिनं जवळच्याच कॉलेजात प्रवेश घेतला होता आणि तिथेच राहिली. म्हणजे न्याय मिळाला, पण पुरा नाही. चौदा गुण परत आले, गेलेले तीन महिने आले नाहीत. मात्र विषय बदलण्याची मुदत दोन दिवस शिल्लक होती. तिनं अर्थशास्त्र सोडून मराठी घेतलं. माझ्यापुरता तो निकाल तेवढ्यानंच लागला.

यानंतर दोनच वर्षांनी मुंबई विद्यापीठात जे घडलं ते तुम्हा सर्वांना आठवत असेल. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, आणि तयारी अपुरी. कुलपती असलेल्या राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, सप्टेंबर उजाडला तरी काही निकाल बाकीच होते. वसई-विरारमधल्या घराघरांत तेव्हा हीच चर्चा होती, कारण इथली बहुतेक कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी खेटे घालत होती. निकाल लागल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी हजारो अर्ज गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं, राज्यपालांनीच त्यांना दूर केलं. आमच्या घराला त्याची झळ लागली नाही, पण एक गोष्ट लक्षात आली. माणसाच्या हातून पान उलटायचं राहतं तसं यंत्राकडूनही राहतं. यंत्र आलं म्हणून वही उघडी ठेवण्याची गरज संपत नाही, उलट वाढते.

आता पालकांना आणि मुलांना चार गोष्टी हात जोडून सांगतो. निकाल अनपेक्षित वाटला तर आधी त्या परीक्षेचे नियम वाचा आणि मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. छायाप्रत मिळाली की स्वतः बेरीज करा, पुरवण्या मोजा, मग विषय जाणणाऱ्या एखाद्या तटस्थ शिक्षकाला दाखवा. मुलाला आधीच सांगा की आकडा तसाच राहू शकतो, काही परीक्षांत तर कमीही होऊ शकतो. आणि निकालाच्या रात्री त्याला एकटं सोडू नका. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त होते. त्या रात्री एखाद्या पोरानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर ते दुरुस्त होत नाही.

माझी मुलगी आज शिक्षिका आहे. घटक चाचणीचे पेपर घरी आणते. रात्री जेवणं झाली की त्याच टेबलावर गठ्ठा घेऊन बसते. तपासून झालेला प्रत्येक पेपर ती शेवटच्या पानापर्यंत उलटते आणि मग पहिल्या पानावर आकडा लिहिते. तरीही चुका होतात. परवा हसत हसत सांगत होती, “अब्बा, आज वर्गात तीन जण ओरडले. बाई, बेरीज चुकली! दोघांची खरंच चुकली होती.”

मी विचारलं, “आणि तिसऱ्याची?”

“त्याची बरोबर होती. पण मी त्यालाही म्हटलं, विचारलंस ते चांगलं केलंस.”

माझे वडील आज नाहीत. असते तर त्यांना मी ही गोष्ट सांगितली असती. मास्तरांवर संशय घ्यायचा नाही, हे त्यांचं म्हणणं मी आजही मानतो. पण बेरीज पुन्हा करून पाहणं म्हणजे संशय नव्हे, एवढं मला त्यांना समजावून सांगायचं राहून गेलं.